कामाच्या घोड्याबद्दल बोलायचं, तर आधी त्याचा खांदा बघा

लंडनच्या रिचमंड पार्कात शायर जातीचे घोडे रूळ (रोलर) ओढतानाचे फोटो आले की खाली ठरलेल्या दोन प्रतिक्रिया असतात: 'बिचारं जनावर' आणि 'ट्रॅक्टर नाही का?'

ट्रॅक्टर आहेत. पण पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं तसलं हे उद्यान नाही. १६३७ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने शिकारीसाठी भिंत घालून घेतलेलं, सुमारे साडेनऊशे हेक्टरचं हे रान. मोकळी हरणं, जुने ओक, गवतात पिवळ्या मुंग्यांची वारुळं. ओल्या जमिनीत ट्रॅक्टरची चाकं चर पाडतात आणि वारुळं चिरडतात. घोडा वारुळाला वळसा घालतो, दोन झाडांमधून निघतो.

रूळ फिरतो तो ब्रॅकन नावाच्या नेच्यावर. हा माजला की खालचं गवत मरतं. त्याची सगळी साठवण जमिनीखालच्या खोडात असते, म्हणून पानं कोवळी असताना, साधारण जूनमध्ये, दांडे ठेचायचे. काही आठवड्यांनी पुन्हा. आणि हे ओळीने काही वर्षं. एकदाच करून सोडलं तर मेहनत वाया. त्याआधी जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे नाहीत ना, हे बघावंच लागतं. शिवाय ब्रॅकन घोड्याला विषारी, तेव्हा काम चालू असताना त्याला तोंड घालू द्यायचं नाही.

आता 'बिचारं'. हजार किलोचा घोडा वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी ओढ, मधे विसावा देत, बराच वेळ सहज सोसतो. त्रास ओझ्यापेक्षा साजाचा जास्त. कॉलर, म्हणजे ओढ खांद्यावर घेणारी गळ्यातली गादी, उलटी करून डोक्यावरून घालतात आणि मानेच्या अरुंद भागात फिरवून सरळ करतात. बसल्यावर खाली श्वासनळीपाशी आडवा तळवा जायला हवा, बाजूला फक्त बोटं. सैल झाली तर हलून खांदा सोलवटते, घट्ट झाली तर दम कोंडते. घोडा हंगामात वाळतो, म्हणून वसंतात बसलेली कॉलर ऑगस्टमध्ये पुन्हा तपासायची. ओढीच्या साखळ्या खांद्याच्या उताराला काटकोनात हव्यात. ओढ वर गेली की कॉलर गळ्यावर चढते. साखळ्या जिला अडकवतात ती मागची आडवी दांडी मधोमध फिरती हवी, कारण खांदे आळीपाळीने पुढे जातात. आपल्याकडे बैलाचा खांदा सुजतो, तिथेही बहुतेकदा दोष जुवाचाच असतो.

जुंपताना आधी लगाम, मग साखळ्या. सोडताना आधी साखळ्या, लगाम शेवटी. जुंपलेल्या घोड्याची झापडं कधीही काढू नयेत. मागचा रूळ एकदम दिसला की तो उधळतो, आणि मग रूळही त्याच्यामागे धावतो.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, त्याचा दाखला इथे देऊ नये. डांबर, रहदारी आणि सवारीची घाई हे वेगळं प्रकरण. माझा आक्षेप वेगळाच आहे: उद्यानवाल्यांनी या घोड्यांना हौशी फेऱ्यांना जुंपून शोभेची वस्तू करू नये. काम असेल तरच घोडा ठेवा, नसेल तर ठेवू नका. नुसता उभा राहिलेला घोडाही आजारी पडतो. सुट्टीच्या दिवशी दाण्याचा रतीब तसाच ठेवला, तर दुसऱ्या दिवशी कामाला लागताच पुठ्ठ्याचे स्नायू ताठतात, लघवी कॉफीसारखी होते. अशा वेळी त्याला चालवू नका. जागीच उभा ठेवून पशुवैद्याला बोलवा. सुट्टीला दाणा कमी, चारा भरपूर: वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज पंधरा-वीस किलो वाळलेलं गवत.