तिशीची अट कुठून आली?

'तिशीपर्यंत जीवितकार्य सापडलं नाही, तर पुढे सापडणं कठीण' हे जीवितकार्य शोधण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आपल्या पुण्यातच बघा ना. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. विधवांसाठी आश्रम काढला १८९६ साली, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते, आणि महिला विद्यापीठ १९१६ मध्ये, म्हणजे ५८व्या वर्षी!

मी स्वतः भोसरीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं हिशेब लिहितेय. आमच्या कामवाल्या मावशींची मुलगी सुट्टीत त्यांच्याबरोबर घरी यायची. एकदा ओट्यापाशी वही घेऊन अगदी रडकुंडीला आली होती, अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात. मी तव्यावरची पोळी उतरवली, चार तुकडे केले आणि तीन तिच्या ताटलीत ठेवले. "म्हणजे पाऊण पोळी!" ती ओरडलीच. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा मी ४६ वर्षांची होते. आता रोज संध्याकाळी अकरा मुलं माझ्याकडे गणिताला बसतात. नोकरी मात्र सोडलेली नाही, घराचे हप्ते आहेत. हप्ते भरत भरत आवडीचं काम करणाऱ्यांबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं खरंच वाईट वाटलं.