डावीकडचा शेवटचा

सकाळपासून डोकं तापलंय. कारखान्यात आल्या आल्या काजूच्या हिशोबाची बेरीज दोनदा चुकली, म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून हे लिहिते आहे. लांब होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडून द्या.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीय की मी एका ऑनलाईन फुटबॉल सिम लीगमध्ये खेळते. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, लांबट बॉलचा, हेल्मेट घालून खेळतात तो. यात बटणं दाबून खेळायचं नसतं. आपण एक प्लेअर तयार करायचा, उंची वजन पोझिशन ठरवायची, ड्राफ्टमध्ये एखादी टीम आपल्याला उचलते, मग आठवडाभर ट्रेनिंग करून, निकालांचे अंदाज लावून, लेख लिहून पॉइंट कमवायचे आणि ते ताकद, चपळाई, ब्लॉकिंग यात घालायचे. मॅच कॉम्प्युटर खेळतो, आपण फक्त बघायची. तिकडचे रात्रीचे 9 म्हणजे आपले सकाळचे 6:30, त्यामुळे पूर्ण सीझन मी चुलीवर पाणी तापत ठेवून एका हातात मोबाईल घेऊन काढलाय. माझा प्लेअर ऑफेन्सिव्ह लाईनमन आहे, म्हणजे बॉलवाल्या गड्यांपुढे भिंत करून उभ्या राहणाऱ्या लाईनमधला, लेफ्ट टॅकल, त्या लाईनच्या डाव्या टोकाचा. हा त्याचा पहिला सीझन, म्हणजे तो रुकी.

तर आज सकाळी सीझनची बक्षिसं जाहीर झाली. रुकी ऑफ द इयर आमच्याच टीमच्या रनिंग बॅकला मिळालं, म्हणजे जो बॉल घेऊन पळतो त्याला. मला आनंदच झाला होता, खोटं नाही सांगत. मग त्याने टीमच्या चॅटवर मोठा मेसेज टाकला. कोचचे आभार, टीम चालवणाऱ्या जीएमचे आभार, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे आभार, ज्याने त्याच्या जर्सीचं चित्र काढून दिलं त्याचेसुद्धा आभार. लाईनबद्दल एक शब्द नाही. अरे बाबा, तू सीझनभर कुठून पळालास? बहुतेक वेळा डावीकडून पळालास. डावीकडे कोण उभं होतं?

आणि हे मी घरच्या ग्रुपवर लिहिलं तर चुलत भावाचा लगेच रिप्लाय, "अगे पण तू बॉलाक हात तरी लावलंस काय?" खाली हसण्याचे सात इमोजी.

नाही लावला. लावायचाच नसतो रे! नियमच तसा आहे. लाईनवरचे पाच जण, मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकाला दोन टॅकल. सेंटर बॉल मागे देतो तेवढाच काय तो त्यांचा बॉलशी संबंध. बाकीच्यांनी समोरून येणाऱ्या सव्वाशे दीडशे किलोच्या माणसांना थोपवून धरायचं, आपला क्वार्टरबॅक बॉल फेकेपर्यंत किंवा आपला गडी पळून जाईपर्यंत. थोपवताना बाहेरून पकडलं तर होल्डिंग, 10 यार्ड मागे. बॉल निघायच्या आधी जरा हललात तर फॉल्स स्टार्ट, 5 यार्ड मागे. आणि नाव कधी पुकारतात? हे दोन गुन्हे केले तर, नाहीतर तुमच्या हातून माणूस निसटून क्वार्टरबॅक आडवा झाला तर. आमच्या सिमच्या मॅचचा जो लेखी लॉग येतो त्यातही हेच, प्रत्येक खेळी लिहून येते, कोणी फेकला कोणी झेलला किती यार्ड, आणि आमचं नाव फक्त पापाच्या वेळी.

मला यावरून तो पेपरातला फोटो आठवला. सकाळपासून तोच डोळ्यासमोर आहे, खरं सांगायचं तर राग त्याचाच आहे.

मी आठवीत होते. आमच्या किनाऱ्यावर रापणीला बांगडा लागला होता, असा की होडीच्या होडी भरून. वेंगुर्ल्याच्या बाजूला ज्यांनी रापण बघितलीय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. एका दोराचं टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून येते, मग दुसरं टोक किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. एका बाजूने जास्त ओढलं, एका बाजूने कमी पडलं, जाळ्याची तळाची कड उचलली गेली की मासळी खालून पसार. बाबा कायम डावीकडच्या दोरावर, पाण्याच्या सगळ्यात जवळ, कंबरभर लाटेत. त्या दिवशी कोणीतरी येऊन फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी एका पेपरात आले. फोटोत होडीचा मालक, हातात बांगड्याची टोपली, दात दिसतायत. मागे किनारा, गर्दी, बायका. आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यात दोर, दोरावर एक मूठ. बस. मुठीच्या पुढे फोटो संपतो. त्या मुठीच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती म्हणून आईने ओळखली.

असो. फुटबॉलवर येते.

खऱ्या अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये तरी काय वेगळं आहे? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू, हा मान आजपर्यंत एकाही ऑफेन्सिव्ह लाईनमनला मिळालेला नाही. एकालाही नाही! 1982 मध्ये तो एका किकरला मिळालाय, वॉशिंग्टनचा मार्क मोजली. संपामुळे सीझन 9 मॅचचा झाला होता आणि तो मान लाथ मारणाऱ्याला मिळाला. किकरशी माझं भांडण नाही, त्याचंही काम कठीण. पण लाथ मारायला मिळणाऱ्या त्या दीड सेकंदात समोर कोण उभं असतं? परत तेच. पॅनकेक ब्लॉक, म्हणजे समोरच्याला पाठीवर पाडणं, त्याची तर एनएफएल अधिकृत नोंदसुद्धा ठेवत नाही. आमच्या सिममध्ये निदान मोजतात.

आणि हे सगळं माहिती असून मी ही पोझिशन घेतली. जीएमने विचारलं होतं, रिसीव्हर घे, म्हणजे बॉल झेलणारा, नवीन लोकांना तेच आवडतं. लाईनवर खेळायला कोणी येतच नाही म्हणून बऱ्याच टीम तिथे बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचेच प्लेअर, उभे करतात, आमच्या लाईनवर माणसांचे तीन आणि बॉट दोन. मी म्हटलं नाही, मला लेफ्ट टॅकलच पाहिजे. का ते नीट सांगता आलं नव्हतं तेव्हा.

लेफ्ट टॅकल का, तर उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे होते. तिकडून येणारा त्याला दिसतच नाही. 18 नोव्हेंबर 1985 ला सोमवारच्या रात्रीच्या मॅचमध्ये, सगळा देश टीव्हीवर बघत असताना, समोरच्या न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅकवर, जो थाईसमनवर येऊन आदळला आणि थाईसमनचा पाय मोडला. तो परत कधी खेळला नाही. तो व्हिडिओ मी एकदाच बघितला, परत बघणार नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की डावीकडच्या शेवटच्या माणसाने एक सेकंद सोडलं तर दुसऱ्याचं आयुष्य बदलतं.

बाबांनी त्या दिवशी सोडलं असतं तर? अंगठ्याची चिंधी कशाची होती माहितीय का, पहाटे खडपात पाय घसरला आणि हात टेकला तो कालवांवर, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांवर. कालवाची धार ज्याला लागलीय त्याला कळेल. अंगठा चांगलाच फाटला होता, आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि खाऱ्या पाण्यात दोन तास दोर ओढला. मालक वाईट माणूस नव्हता हां, ते लिहायला पाहिजे, होडी त्याची, जाळं त्याचं, तोट्याच्या दिवसात तोही रिकाम्या हाताने घरी जायचा आणि वाटा त्याने कधी कमी दिला नाही. पण फोटोत तो होता.

(आता तर रापणीला बांगडा लागतोच कुठे. 2016 मध्ये पर्ससीनवर, म्हणजे बोटीतून थवेच्या थवे घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आले, कागदावर. तो विषय काढला तर माझी जेवणाची सुट्टी नाही, दिवाळीची सुट्टी पुरणार नाही. सोडा.)

माझा सीझन कसा गेला ते सांगते, कोणी विचारलं नाही तरी. सुरुवात भयंकर. रुकीकडे पॉइंट कमी, समोर पाच पाच सहा सहा सीझन मुरलेले एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारे. पहिल्या मॅचला माझ्या बाजूने तीन सॅक, म्हणजे तीनदा क्वार्टरबॅक आडवा. तीन! चॅटवर कोणी काही बोललं नाही आणि ते न बोलणं जास्त लागलं. मी कमावलेला एकेक पॉइंट पास ब्लॉकिंगमध्ये घातला, बाकी काही वाढवलंच नाही, वेग तसाच गोगलगायीसारखा ठेवला. बाजारातून येताना, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेली असताना, मे महिन्यात लाईट गेल्यावर अंगणात शेवटची आठ टक्के बॅटरी वाचवून मी ट्रेनिंग भरलंय. आठवडा चुकला तर तेवढे पॉइंट गेले, ते परत मिळत नाहीत. मी एकही आठवडा चुकवला नाही. शेवटच्या सहा मॅचमध्ये माझ्या बाजूने एकही सॅक नाही. दोन होल्डिंग झाले, ते माझे, मान्य.

आणि हो, रनिंग बॅकचा पोरगा चांगला पळाला. तेही मान्य. भिंत उभी असली तरी फट दिसायला डोळा लागतो आणि तो त्याच्याकडे आहे. पण एक ओळ लिहायला काय झालं होतं?

जो थॉमसबद्दल वाचा कोणीतरी. क्लीव्हलँडचा लेफ्ट टॅकल. 2007 च्या ड्राफ्टला बाकीची पोरं न्यूयॉर्कमध्ये सूट घालून स्टेजवर जायची वाट बघत होती आणि हा माणूस वडिलांबरोबर लेक मिशिगनवर होडीत मासे पकडत होता. तिसऱ्या नंबरवर त्याची निवड झाली तेव्हाही होडीतच. हे वाचलं तेव्हा मी मोबाईल घेऊन धावत पडवीत गेले होते बाबांना सांगायला. त्यानंतर हा माणूस सलग 10,363 स्नॅप, म्हणजे खेळ्या, खेळला. एकही खेळी बाहेर न बसता, दहा वर्षांहून जास्त. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हा थांबला. आणि टीम कशी, तर त्या वर्षी 16 पैकी 16 हरलेली. सगळ्या करिअरमध्ये प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, एक मॅच त्याच्या नशिबात नाही. 2023 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं त्याला. म्हणजे बघणारे लोक आहेत, अगदीच नाहीत असं नाही. पण हरणाऱ्या टीममध्ये रोज सकाळी उठून तिथेच जाऊन उभं राहणं, हे ज्याला कळत नाही त्याला मी काय समजावणार.

सुट्टी संपली. पुढचं घरी जाऊन.

रात्रीचे पावणेदहा. दुपारचं परत वाचलं, भावाबद्दल जरा जास्त लिहिलं गेलं वाटतं, पण खोडत नाही. तो पोरगा संध्याकाळी स्वतः येऊन गेला, चतुर्थीच्या माटवीचं सामान द्यायला. ग्रुपवरचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. चहा पिऊन गेला.

जेवणं झाल्यावर बाबा पडवीत बसले होते. खांद्यामुळे त्यांचं दोरावर जाणं बंद होऊन आता चार वर्षं झाली. मी म्हटलं बाबा, माझा सीझन संपला, बघायचाय का? चष्मा लावला त्यांनी. शेवटच्या मॅचचा लॉग उघडून दिला, इंग्रजी त्यांना अक्षरं जुळवत जुळवत वाचता येतं. बराच वेळ बोट फिरवत खाली खाली गेले.

"तुझा नाव खंय दिसणा नाय ता?"

मी म्हटलं, बाबा, नाव दिसलं नाही म्हणजे चांगलं. नाव येतं ते सुटलं तर.

एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि हसले, असे हसले की खोकला आला. "दोर ढिलो पडलो काय सगळे बोंबलतत," म्हणाले, "ताठ असता तेव्हा कोण बघूक येता?" मग तो पेपरातला फोटो कुठे आहे ते विचारलं. इतक्या वर्षात त्यांनी तो विषय कधी काढला नव्हता, मला वाटायचं विसरले. आईने कपाटातून काढून आणला, पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. बाबांनी त्या मुठीवर बोट ठेवलं आणि मग फोटोच्या बाहेर, रिकाम्या जागेवर, टेबलाच्या लाकडावर एकेक बोट ठेवत मागच्या माणसांची नावं सांगायला लागले. माझ्या मागे हा, त्याच्या मागे तो, मग तो. कुठल्या माणसाला कुठली शिवी द्यायची सवय होती तेही. मी आठवीत असताना यातलं काहीच विचारलं नव्हतं. पेपरवाल्याला दुपारपासून शिव्या देतेय पण मीसुद्धा नव्हतं विचारलं.

मग म्हणाले, तुझ्या बाजूक कोण कोण असता? मी सांगितलं, सेंटर फिलाडेल्फियाचा एक ट्रक ड्रायव्हर, राईट टॅकल कॅनडातली एक नर्स, आणि दोन्ही गार्ड बॉट.

"बॉट म्हणजे?"

म्हटलं, कोणी नाही ते. नुसता आकडा असतो. उभे असतात, काम करतात, पण मागे माणूस नाही.

ते त्यांना पटलं नाही. काम करतात तर नाव का नाही म्हणे. खूप वेळ गप्प बसून मग दोन नावं दिली त्यांनी मला, लिहून घे म्हणाले. त्या टेबलावरच्या लाकडातलीच दोन. एक जण आता नाही, दुसरे मुंबईला मुलाकडे असतात.

पुढच्या सीझनला बॉटचं नाव बदलता येतं का असं मी जीएमला आत्ताच मेसेज करून विचारलंय, दोन्ही नावं इंग्रजीत स्पेलिंगसकट पाठवलीयत. तिकडे आता दुपार असेल. अजून उत्तर आलेलं नाही, बाबा दोनदा येऊन विचारून गेले.