मधली जाऊ

जानेवारी २०२१ मध्ये आईचा पाय मोडला. न्हाणीघरात नाही की जिन्यावर नाही. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालताना ती बाणेदारपणे एक पाऊल मागे सरकली आणि तिथे फुटपाथ संपला होता. दीड महिना प्लास्टर. घरात कामांची वाटणी झाली. औषधं मुलीकडे, जेवणखाण बायकोकडे आणि संध्याकाळी साडेसात ते साडेदहा आईजवळ बसणं माझ्याकडे. "नुसतं बसायचं तर आहे," बायको म्हणाली. मराठी घरात साडेसात ते साडेदहा नुसतं बसता येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

मी तोवर मालिका न बघणारा माणूस होतो, आणि ते चारचौघांत सांगणाराही होतो. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं तेव्हा 'आभाळमाया' बघितली होती, पुढे सोडून दिलं. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. त्या चार दिवसांत माझी मुलगी जन्मून सहावीत गेली, पण मी मान वर करून पाहिलं नाही. आई मात्र एकनिष्ठ. ती आजही झी मराठीला अल्फा आणि कलर्स मराठीला ई-टीव्ही म्हणते. आमची मालिका कुठल्या वाहिनीवर होती ते मी सांगणार नाही.

मालिकेत एक वाडा होता, तीन भाऊ होते आणि तीन जावा. थोरली कारस्थानी, धाकटी नायिका. म्हणजे दुष्टपणा आणि सोशिकपणा दोन्ही वाटून झालेले. मधलीला काही उरलंच नव्हतं. ती उभी असायची. कधी खांबाजवळ, कधी देवघराच्या दारात, बहुतेक वेळा हातात ट्रे घेऊन. थोरलीनं काही भयंकर बोललं की 'ढँण' असा आवाज होऊन कॅमेरा एकेकाच्या तोंडावर जायचा. सासू, सासरे, नायक, नायिका, आत्या, गडीमाणूस, आणि संगीत संपता संपता मधली. बहुधा तिच्यावर आला की जाहिरात लागायची.

पहिल्या आठवड्यात मी तिला पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तिनं चहा घेतला.

मालिकांमधले कप रिकामे असतात, हे एकदा लक्षात आलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही. पात्रं कप असा तिरका धरून इस्टेटीबद्दल बोलतात की खरा चहा असता तर सोफ्याची कव्हरं धुवायला टाकावी लागली असती. सुटकेसचंही तेच. घर कायमचं सोडून निघालेली सून सुटकेस अशी उचलते जणू आत फक्त तिचा निर्धार आहे. मी आईला हे सगळं दाखवून देत होतो आणि आई आवाज वाढवत होती. तेवढ्यात मागच्या बाजूला, कुणाचंही लक्ष नसताना, मधल्या जावेनं कप तोंडाशी नेला, थांबली, हलकेच फुंकर मारली आणि मग घोट घेतला. घोट घेतल्यावर भुवई किंचित उडाली. पुढे दोघी जावा वाड्याच्या वाटणीवरून एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, आणि ही बाई रिकाम्या कपातल्या चहाला निवू देत होती!

"बघितलंस?" मी ओरडलो. "रिकाम्या कपावर फुंकर मारली!"

"रिकामा कुठला? वाफ दिसतेय की," आई म्हणाली.

"वाफ नाही ती, आई. तुझा मोतीबिंदू आहे."

"मोतीबिंदू २०१८ लाच काढला."

मी वाद वाढवला नाही. दृष्टी डोळ्यांत नसते, रसिकतेत असते, असं काहीतरी मनात म्हणालो. आणि त्या दिवसापासून भक्त झालो.

प्रसिद्ध नटीचा चाहता होणं म्हणजे सरकारी नोकरी. सगळं आयतं मिळतं. फोटो, मुलाखती, वाढदिवस, तिला काय आवडतं आणि कशाची ॲलर्जी आहे. अप्रसिद्ध नटीच्या चाहत्याला मात्र सुरुवात तिचं नाव शोधण्यापासून करावी लागते. शीर्षकगीतात नायक-नायिका पावसात भिजतात, सासू तुळशीला पाणी घालते, थोरली दाराआडून बघते. मधली नाही. दूरदर्शनच्या काळात शेवटी नावं सावकाश वर सरकायची. केशभूषा आणि रंगभूषा कुणाची तेही पाठ व्हायचं. आता पडद्याच्या एका कोपऱ्यात मुंगीएवढी नावं पळतात आणि उरलेल्या पडद्यावर रविवारच्या महाएपिसोडचा धुमाकूळ. मी सेट टॉप बॉक्सवर भाग रेकॉर्ड केला, नेमक्या जागी थांबवला आणि भिंग घेऊन टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसलो. कलाकारांची चौदा नावं निघाली. पण कुठलं कुणाचं?

मग एक एक खोडत गेलो. नायक-नायिका गेले. सासूला कोण ओळखत नाही. तीन नावं पुरुषांची. आत्याबाई आईच्या माहितीतल्या, त्यांची पंचवीस वर्षांपूर्वीची नाटकंही तिला आठवत होती. शेवटी तीन नावं उरली. त्यातलं एक, ज्यावर माझा सर्वांत जास्त भरवसा होता, ते गडीमाणसाचं निघालं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा भाचा गोरेगावच्या चित्रनगरीत दुसऱ्या एका मालिकेवर तिसरा सहायक दिग्दर्शक आहे. तिसरा म्हणजे, काल जो कानातला डूल होता तोच आज आहे की नाही हे बघणारा. त्याला फोन केला. तो म्हणाला, "विचारून सांगतो." दोन दिवसांनी उत्तर आलं: "काका, तिकडे सगळे तिला 'मधली' म्हणतात. कपड्यांच्या हँगरवरही 'मधली' असंच लिहिलंय."

त्यानंच मला धंद्याचं गणित समजावलं. छोट्या कलाकाराला दिवसावर पैसे. बारा-बारा तासांची शिफ्ट, आणि हातात पडणार नव्वद दिवसांनी. म्हणजे संक्रांतीला तिळगूळ वाटल्याचे पैसे पाडव्यानंतर. सीन असो वा नसो, मेकअप करून बसायचं. माझी भक्ती या माहितीनं दुप्पट झाली. मी एक वही घातली. बायकोला ती हिशोबाची वाटली, म्हणून तिनं एकदा उघडली. आत होतं: 'ता. ९: "वहिनी, फोन." (फोन देताना पदराला हात पुसला. वा!) ता. ११: संवाद नाही. तांदूळ निवडले. खरोखर निवडले, दोन खडे बाजूला काढले. ता. १२: "मी चहा टाकते."'

बायकोनं वही शांतपणे मिटली. "आधी बोलला असतास तर मीही फुंकून प्यायले असते," एवढंच म्हणाली. मग चार दिवस मला चहा कोमट मिळाला. फुंकायला वावच नको.

फेब्रुवारीअखेर प्लास्टर निघालं. आई काठी घेऊन फिरायला लागली. मी मात्र साडेसातला जागेवर हजर. "आता नाही बसलास तरी चालेल," आई म्हणाली. मी म्हटलं, "तुला सोबत." ती हसली. त्या हसण्यावर 'ढँण' वाजायला हवं होतं.

माझे खरे वाईट दिवस एप्रिलमध्ये आले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि मालिकांची युनिटं कुणी गोव्याला, कुणी सिल्वासाला निघाली. पिढ्यान् पिढ्या वाड्यात राहणारं कुटुंब एका सोमवारी अचानक नारळाच्या बागेतल्या रिसॉर्टवर हवापालटासाठी आलं. इस्टेटीचा खटला, थोरलीचं विष, सासूचा रक्तदाब, सगळं स्विमिंग पूलशेजारी. न्यायची माणसं मोजकीच, त्यामुळे ज्यांच्यावाचून अडत नाही ती गळाली. मधली कुठे गेली, हे एका वाक्यात उरकलं. सासू म्हणाली, "ती माहेरी गेलीय." झालं! चार महिने एक बाई घर सांभाळते, आणि तिची पाठवणी अडीच शब्दांत. तेही बरंच म्हणायचं, कारण मालिकांतली काही माणसं जिना चढून वर जातात ती वर्षानुवर्षं खाली येतच नाहीत, आणि ताट वाढताना कुणाला आठवतही नाहीत. मी वहीत लिहिलं: 'माहेरी.' पुढची सहा पानं कोरी आहेत.

जूनमध्ये वाडा परत आला, मधली परत आली, खांबाजवळ उभी राहिली. पण गुरुवार भिववायला लागला. टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात, हे भाच्यानं शिकवून ठेवलं होतं. आमची मालिका घसरत होती. मी रोज दोन वेळा बघायचो, रात्री आणि दुसऱ्या दिवशी पुनःप्रक्षेपण. भाचा म्हणाला, "काका, उपयोग नाही. ज्यांच्या घरी मोजणारं यंत्र बसवलेलं असतं त्यांनी बघितलेलंच धरतात." देशभरात अशी घरं तेव्हा चाळीसेक हजार, आणि ती कुणाची ते गुप्त. म्हणजे मी ही सगळी तपश्चर्या केली ती देवाच्या खिजगणतीतच नव्हती. मी काही दिवस लोकांकडे उगाच जाऊन त्यांच्या टीव्हीच्या मागे डोकावत होतो. एका घरी काळी डबी दिसली. मी हात जोडायच्या बेतात होतो, तो ते वायफाय निघालं.

ऑगस्टमध्ये मालिका गुंडाळली. थोरलीचं सात वर्षांचं पाप एका तासाच्या विशेष भागात धुऊन निघालं. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि गळे संपल्यामुळे मधली म्हणाली, "मी चहा टाकते." हे तिचं शेवटचं वाक्य. चहा काही दाखवला नाही.

२२ ऑक्टोबरपासून नाट्यगृहं निम्म्या क्षमतेनं उघडली. नोव्हेंबरात एका शनिवारी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत, नायकाच्या हनुवटीखाली, उरलेल्या दोन नावांपैकी एक दिसलं. रविवारी, बालगंधर्व रंगमंदिर. मी तिकीट काढलं. आईला यायचं होतं, पण पाय अजून पायऱ्यांना नाही म्हणत होता. "मी नाही तर नाही," ती म्हणाली. "पण तिला त्या कपाचं विचार."

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, आणि दुसऱ्या प्रवेशात तीच आली. नावावर शेवटी शिक्कामोर्तब झालं. तिचे दोनच प्रवेश होते. दुसऱ्यात ती पाणी प्यायली, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला मी कोपरानं ढोसलं.

नाटक संपल्यावर आपल्याकडे आत जाऊन कलाकारांना भेटायची रीत आहे. आत नायकाभोवती सेल्फीचा घोळका होता. ती कोपऱ्यातल्या आरशासमोर केसांतल्या पिना काढत होती. मी दहा महिन्यांचं भाषण तयार ठेवलं होतं. ते असं बाहेर पडलं:

"नमस्कार. तुम्ही चहा फार छान पिता."

तिनं पिन तशीच धरली. मग मी सगळं सांगितलं. जानेवारीचा भाग, वाटणीचं भांडण, रिकामा कप, फुंकर, भुवई. ती डोळे मोठे करून ऐकत होती, आणि एकदम खळखळून हसली.

"अहो काका, तो कप रिकामा नव्हता! नवीन स्पॉटदादा होते, त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी खरा उकळता चहा भरून दिला. जीभ भाजली माझी. दोन दिवस जेवता येत नव्हतं. पण टेक चालू होता ना."

बावन्नाव्या वर्षी 'काका' ऐकल्याचं दुःख करायलाही मला सवड मिळाली नाही. मी म्हटलं, "आणि तांदूळ?"

"तांदळाचं काय?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि तिची सही घेतली. वहीत. 'वहिनी, फोन'च्या खाली.

घरी आलो तर आई दिवाणखान्यात जागीच होती. टीव्ही बंद.

"भेटली?"

"भेटली. फार साधी आहे."

"विचारलंस कपाचं?"

मी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, पुन्हा वेगळ्या केल्या.

"गर्दी फार होती गं. राहिलंच विचारायचं."

"निम्म्या क्षमतेत?" आई म्हणाली.