जावरची खाण जुनी आहे, पण जस्त तितके जुने नाही

उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या जावरच्या शिसे-जस्ताच्या खाणींविषयी एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. येथे अडीच हजार वर्षांपासून जस्त तयार होत होते, ते तंत्र इंग्रजांनी चोरले आणि खाणी बंद पाडल्या; पुढे भूवैज्ञानिकांनी प्राचीनांच्याच खड्ड्यांत हात घातला, नवे काहीच शोधले नाही, असा त्याचा सारांश आहे. त्यात खरे इतके आहे की खोटेही त्याबरोबर सहज खपून जाते.

अडीच हजार वर्षांचा दावा आधी पाहू. जावर परिसरातील जावरमालाच्या जुन्या खाणीत सापडलेल्या लाकडाची कार्बन-१४ पद्धतीने काढलेली वये इसवी सनापूर्वीच्या शतकांत जातात, हे खरे आहे. मात्र लाकडाच्या वयावरून खाण केव्हा खोदली एवढेच कळते. तिच्यातून कोणता धातू काढला, हे कळत नाही. जावरला गॅलेना हे शिशाचे आणि स्फॅलेराइट हे जस्ताचे खनिज एकत्र आढळते. गॅलेनापासून शिसे मध्यम आचेवर मिळते आणि त्यातून चांदीही निघते. जस्ताचे तसे नाही. त्याच्या ऑक्साइडमधून धातू मोकळा व्हायला सुमारे हजार अंश सेल्सिअसची आच लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांवरच उकळते. त्यामुळे ते वाफ होऊनच बाहेर येते आणि हवा लागताच जळून पांढरी भुकटी होते. ही वाफ बंद भांड्यात धरून थंड करण्याची युक्ती साधली, तरच जस्त हाती लागते.

त्या युक्तीचा पुरावा जावरच्या जमिनीतच आहे, पण तो नंतरच्या काळातला आहे. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांच्या पथकाने १९८३ च्या सुमारास येथे भट्ट्या उघड्या केल्या, तेव्हा एकेका भट्टीत ३६ मुशी, म्हणजे धातू गाळण्याची भांडी, रचलेल्या आढळल्या. मातीची ही मूस वांग्यासारखी आहे. रसशास्त्रातही, म्हणजे जुन्या भारतीय रसायनविद्येतही, ‘वृंताक मूषा’ (वांग्याच्या आकाराची मूस) हेच नाव येते. मुशीत माल भरून देठाच्या नळीतून आत काडी खुपसत आणि मूस उलटी लावत. काडीमुळे माल खाली सांडत नसे, आणि ती जळून गेली की वाफेला उतरायला वाट तयार होई. वापरून झालेल्या मुशी गावकऱ्यांनी घरांच्या भिंतींत विटांसारख्या बसवल्या आहेत. मोठ्या प्रमाणावरचे हे उत्पादन मध्ययुगातले आहे, मौर्यकाळातले नव्हे. तक्षशिलेला सापडलेल्या एका प्राचीन पितळी भांड्यात सुमारे ३४ टक्के जस्त आहे; एवढे प्रमाण धातुरूप जस्त मिसळल्याशिवाय सहसा साधत नाही, म्हणून ते आधीही कोणाला तरी साधले असावे. पण ते जावरचेच होते, असे त्यावरून ठरत नाही.

चोरीच्या आरोपाबद्दल थोडक्यात सांगता येईल. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीतही वाफ खालीच उतरवली जाते. हे साम्य डोळ्यांत भरते, त्यामुळे शंका येणे साहजिक आहे. परंतु त्याच्या मोठ्या मुशी आणि लोखंडी नळ्या वेगळ्या घडणीच्या होत्या, आणि जस्त तयार करण्याची कला त्या काळी चीनमध्येही होती. साम्य म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे.

खाणी इंग्रजांनी बंद पाडल्या, हे तर कालक्रमातच बसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीशी मेवाडचा (जावर ज्यात येते त्या राज्याचा) तह १८१८ चा आहे, आणि काम त्याआधीच थांबले होते. त्यामागे युद्धे आणि १८१२-१३ चा दुष्काळ ही कारणे दिसतात. त्या दशकांत मेवाडला लुबाडणाऱ्या फौजांत शिंदे-होळकरांच्या फौजा होत्या, हे मराठी वाचकाने हा मजकूर पुढे पाठवताना विसरू नये. कंपनीचा प्रतिनिधी जेम्स टॉड तर आपल्या ग्रंथात जावरच्या खाणींना कथलाच्या खाणी म्हणतो!

‘नवे काही शोधले नाही’ हे विधान मला सर्वांत अन्यायाचे वाटते. जावरचे धातुक, म्हणजे धातू असलेला दगड, अरवली समूहाच्या डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकात आहे, आणि त्यातील शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) त्याचे वय सुमारे १७० कोटी वर्षे येते. हा धातू खोलवरून आलेल्या उष्ण द्रावांनी भेगांत भरला, असे आधी मानले जाई. पुढे तो गाळाबरोबरच साचला आणि खडकांना घड्या पडताना भेगांत सरकला, हे मत पुढे आले. हा वाद निव्वळ पुस्तकी नाही, कारण छिद्रण, म्हणजे धातुक शोधायला पाडायची खोल भोके, भेगेच्या दिशेने करायचे की थराच्या, हे त्यावरूनच ठरते. जुने खाणकामगार दिसणाऱ्या धातुकाचा माग काढत खाली गेले. घडीच्या पलीकडच्या अंगाला तोच थर पुन्हा कुठे भेटेल, हे त्यांना कळण्याची सोय नव्हती. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातील बॉडविनची खाण जपानच्या हाती पडल्यावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जावरचा शोध नव्याने हाती घेतला. त्यानंतर मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने आणि १९६६ पासून हिंदुस्तान झिंकने मोचिया, बलारिया, बरोई या भागांत काम चालवले.

भिलवाडा जिल्ह्यातील रामपुरा आगुचालाही प्राचीन खड्डे आणि धातुमळीचे ढीग शतकानुशतके उघड्यावर पडून होते. तरीही तिथला प्रचंड साठा ओळखला गेला तो १९७७ मध्ये, राज्याच्या खाण व भूविज्ञान विभागाकडून. तो डोलोमाइटमध्ये नव्हे, ग्रॅफाइटयुक्त नाइस आणि शिस्ट या रूपांतरित खडकांत आहे. जावरचा अनुभव जसाच्या तसा वापरून तो सापडला नसता.