अलियान्झ गेली म्हणून पॉलिसी मोडायची?

मार्च 2025मध्ये जर्मनीच्या अलियान्झने बजाजसोबतच्या दोन्ही विमा कंपन्यांतला आपला 26 टक्के हिस्सा बजाज समूहालाच विकायचा करार केला. किंमत सुमारे 24,180 कोटी रुपये. तेव्हापासून एक मेसेज फिरतोय. शब्द बदलतात, सांगणं तेच: परदेशी कंपनी गाशा गुंडाळतेय, तुमचे हप्ते घेऊन जाणार, तेव्हा आयुर्विम्याची पॉलिसी ताबडतोब सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच मोडा, आणि सरकारी हमी असलेली एलआयसीची घ्या.

यातलं 'अलियान्झ निघाली' आणि एलआयसीची सरकारी हमी, एवढंच खरं आहे.

'परदेशी कंपनी' म्हणाल, तर पॉलिसी देणारी कंपनी पुण्यात, येरवड्याला आहे. भारतीय कायद्याखाली नोंदलेली, आणि करार झाला तेव्हाही 74 टक्के बजाज फिनसर्वची. तुमचा करार तिच्याशी आहे. अलियान्झने शेअर विकायला काढले. त्यांचे पैसे विकत घेणारा देतो, पॉलिसीधारकांच्या फंडातून नाही. कंपनीच्या नावातून 'अलियान्झ' गेलं, पण पॉलिसी नंबर, विमा रक्कम, नॉमिनी सगळं जिथल्या तिथे आहे.

'हप्ते जर्मनीला जातात' हेही खोटं. पॉलिसीधारकांचा पैसा देशाबाहेर गुंतवायला विमा कायद्यानेच बंदी आहे. पारंपरिक, म्हणजे बाजाराशी न जोडलेल्या पॉलिसींचा निदान निम्मा पैसा सरकारी आणि तत्सम मंजूर रोख्यांत ठेवावा लागतो. युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी असेल तर बाजाराचे चढउतार सोसावे लागतात, पण ते अलियान्झ असतानाही सोसतच होतो की!

'भागीदार गेला की कंपनी बुडते' म्हणणाऱ्यांनी मागे वळून पाहावं. अमेरिकेची न्यूयॉर्क लाइफ 2012मध्ये मॅक्ससोबतच्या विमा कंपनीतून बाहेर पडली. नेदरलँड्सची आयएनजी गेल्यावर तिची वैश्यसोबतची विमा कंपनी एक्साइडकडे आली, पुढे 2022मध्ये एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली. पॉलिसी चालूच राहिल्या. फार कशाला, 1956च्या राष्ट्रीयीकरणात 16 परदेशी कंपन्यांचा इथला आयुर्विमा एलआयसीकडेच आला.

एलआयसीला सरकारी हमी आहे, हा मुद्दा मात्र बरोबर. एलआयसी कायद्याच्या कलम 37नुसार विमा रक्कम आणि जाहीर बोनस यांना केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांना तशी नाही. नवी पॉलिसी घेताना हे जरूर तोला. पण त्यासाठी जुनी मोडायची?

हिशेब करा. वर्षाला 50,000चा हप्ता, पाच वर्षं भरला, म्हणजे अडीच लाख. ऑक्टोबर 2024पूर्वी विकलेल्या पारंपरिक पॉलिसीत या टप्प्यावर सरेंडरची किमान हमी भरलेल्या हप्त्यांच्या निम्मी, म्हणजे सव्वा लाख. हातात त्याहून थोडं जास्त पडेलही, पण उरलेल्यावर पाणी.

दुसरं नुकसान कागदावर दिसत नाही. विमा कायद्याच्या कलम 45नुसार पॉलिसीला तीन वर्षं झाली की 'तुम्ही आजार लपवला होता' असं म्हणून कंपनी ती रद्द करू शकत नाही, क्लेम अडवू शकत नाही. नवी पॉलिसी घेतलीत की ही तीन वर्षं पुन्हा शून्यापासून. त्यात वय वाढलेलं, म्हणून हप्ता चढा. मधल्या काळात मधुमेह निघाला असेल तर हप्ता आणखी चढेल, नाहीतर अर्जच नाकारला जाईल. पन्नाशीतल्या माणसाला हा सल्ला देणाऱ्याला काय म्हणावं?

तसाही हा सल्ला फुकटचा नसतो. एजंटचं पहिल्या वर्षाचं कमिशन सगळ्यात मोठं असतं. तुमची जुनी पॉलिसी मोडली की त्याची नवी विकली जाते. हप्ता खरोखरच झेपत नसेल तर शाखेत जाऊन पॉलिसी पेड-अप करता येईल का (म्हणजे पुढचे हप्ते बंद, पण कमी रकमेचा विमा चालू), तिच्यावर कर्ज किती मिळेल, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि 'आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आयआरडीएआय ही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था; ती ना पॉलिसी विकते, ना बोनस वाटते.