पहिल्या तीस पानांत मरणारी बाई

माझ्या आवडीच्या पुस्तकांत माझ्या वयाची बाई साधारण पहिल्या तीस पानांत मरते. मेली नाही तर दुःखाने मुकी होते. मुकीही झाली नाही, तर तीच खलनायिका आहे असं समजून पुढचं जपून वाचावं.

हॅरी पॉटरचे आईवडील तो वर्षाचा असतानाच गेलेले. ‘हंगर गेम्स’मधल्या कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात जातात आणि आई अशी शून्यात बघत बसते की अकरा वर्षांच्या पोरीला घर चालवावं लागतं. फिलिप पुलमनच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मधली लायराची आई जिवंत आहे, देखणी आहे, हुशार आहे आणि लहान मुलं पळवून नेणारी एक अख्खी संस्था चालवते. कुमारवयीन मुलांसाठीच्या असल्या पुस्तकांना ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात. यातलं अ‍ॅडल्ट तेवढं मला लागू आहे, यंगला निरोप देऊन बरीच वर्षं झाली. पण जादू, ड्रॅगन, परग्रह, एखादी जुलमी राजवट आणि ती उलथून टाकणारी सोळा वर्षांची पोरगी एवढा ऐवज एका पुस्तकात असला की माझ्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते शेजारीण सांगते.

आईला मारण्यात लेखकांचाही नाइलाज असतो म्हणा. घरात धडधाकट आई असेल तर गोष्ट दुसऱ्या पानावर संपेल. पोरगं जादूच्या दारातून पलीकडे निघालं की ती विचारणार, “कुठे? कोणाबरोबर? त्याच्या आईचा नंबर देऊन जा.” आपल्या भा. रा. भागवतांनी यातून सभ्य वाट काढली. फास्टर फेणेच्या आईवडिलांना त्यांनी मारलं नाही, फुरसुंगीला ठेवलं आणि बन्याला शिकायला पुण्याला धाडलं. मोबाइल नव्हते, तेवढं अंतर पुरलं. इंग्रजी लेखकांना फुरसुंगीची सोय नसल्यामुळे थेट खून करावे लागतात.

यातही मला सगळ्यांत जास्त घाबरवलं ते हर्मायनीने. हॅरी पॉटरच्या सातव्या भागात ती स्वतःच्या आईवडिलांची स्मृती पुसते, त्यांना नवी नावं देते आणि ऑस्ट्रेलियाला पाठवून देते. त्यांच्या भल्यासाठीच. बिचारे दोघं दाताचे डॉक्टर, आपल्याला एक मुलगी आहे हेच विसरून तिकडे राहतात. २००७ साली पुस्तक आलं तेव्हा मी तिशीच्या अलीकडे होते आणि ‘काय धीराची पोर!’ म्हणून माझे डोळे भरून आले होते. आता घरात एक सोळा वर्षांची मुलगी आहे. परवा ती लाडात येऊन म्हणाली, “आई, तू आणि बाबा कुठेतरी लांब फिरून या ना.” मी दोघांचे पासपोर्ट कुलपात टाकले.

दुकानातून ही पुस्तकं विकत आणणं हा एक वेगळाच सोहळा असतो. काउंटरवरचा मुलगा मुखपृष्ठावरच्या तलवारीकडे बघतो, मग माझ्या चष्म्याकडे बघतो आणि आदबीने विचारतो, “मुलांसाठी का मॅडम? वय काय त्यांचं?” सत्तेचाळीस, असं म्हणायचा धीर होत नाही. “भाचीसाठी,” मी म्हणते. “बर्थडे? मग गिफ्ट रॅप करू?” आता नाही कसं म्हणणार? तो चकचकीत कागद लावतो, वर गुलाबी रिबिनीचं फूल चिकटवतो आणि मी ते सगळं रिक्षात बसल्या बसल्या टराटरा फाडते. रिक्षावाला आरशातून बघत असतो. या भाचीचे वर्षाला इतके वाढदिवस येतात की त्या दुकानातल्या मुलाला काय वाटत असेल कोण जाणे.

वास्तविक लाजायचं काही कारण नाही. २०१२ साली बाउकर नावाच्या अमेरिकी संस्थेने पाहणी केली, तर १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी म्हणून छापलेली पुस्तकं घेणाऱ्यांत ५५ टक्के गिऱ्हाईक अठरा आणि त्याहून मोठं निघालं. सगळ्यांत मोठा गट ३० ते ४४चा. आणि ही मंडळी पुस्तकं बहुतेक वेळा स्वतःसाठीच घेत होती, भाचीसाठी नव्हे. ही पाहणी मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. त्याने शांतपणे लक्षात आणून दिलं की त्या गटातूनही मी आता वयाने बाद झाले आहे.

मी डोंबिवलीहून लोकलने जाते आणि लेडीज डब्यात काहीही लपून राहत नाही. डोसाच्या पिठात मेथीदाणे किती घालायचे इथपासून कोणाच्या जावेने काय केलं इथपर्यंत सगळं तिथे सार्वजनिक असतं. अशा ठिकाणी ड्रॅगनवर बसलेल्या मुलीचं मुखपृष्ठ उघडं धरून कोण बसणार? म्हणून मी पुस्तकांना खाकी कव्हर घालते, वर लेबलही लावते. शेजारणीने विचारलंच तर ‘ऑफिसची परीक्षा आहे’. लपवालपवीला आपल्याकडे थोर परंपरा आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली होती. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांना नाव फार मोठं होतं म्हणून लपवायचं होतं, मला वय.

पण कव्हर घातलं तरी चेहऱ्याचं काय करायचं? पुलमनच्या त्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्याबरोबर हिंडत असतो. लहान मुलांचा घडीघडीला रूप बदलतो. आता मांजर, आता पतंग, आता पाकोळी. मोठं झालं की एका रूपात कायमचा ठरतो, मग आवडो न आवडो. एका म्हाताऱ्या खलाशाचा डॉल्फिन झाला, त्याला उभ्या जन्मात किनाऱ्यावर पाय ठेवता आला नाही. (माझा काय झाला असेल यावर मी बराच विचार केला आहे. लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकणाऱ्या बाईला मुंगीपलीकडे काही परवडत नाही.) तर १९९७ च्या ‘द सटल नाइफ’मध्ये ली स्कोर्झबी नावाचा टेक्सासचा फुगेवाला, म्हणजे आकाशात उडवायच्या मोठ्या फुग्याचा वैमानिक, एकटा खिंड लढवत मरतो आणि त्याची हेस्टर नावाची ससीण त्याच्याबरोबर जाते. ते पान माझ्यासमोर आलं घाटकोपर गेल्यावर. मी हमसून हमसून रडायला लागले.

डबा एका क्षणात शांत झाला. मटार सोलणाऱ्या काकूंनी पिशवी बाजूला ठेवली, कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. पाठीवर हात आला. “काय झालं हो? घरचं काही?” मला बोलवेना. काकू जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, “सासू?”

मी मान हलवली. काय करणार? टेक्सासच्या फुगेवाल्याची ससीण गेली, हे ठाण्याच्या आत समजावून सांगता येण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून त्या डब्यात माझ्या सासूबाईंचं नाव फार वाईट आहे. काकू अजून विचारतात, “आता जरा निवळल्या का?”

मालिकांचा जाच वेगळाच. या लोकांना एका पुस्तकात गोष्ट संपवता येत नाही. तीन भागांचं वचन असतं आणि तेही कोणी पाळेल तर शपथ. ‘एरागॉन’ २००३ साली आलं तेव्हा तीनच भाग होणार होते, झाले चार, चौथा २०११ साली. अर्सुला ले ग्विन यांनी ‘अर्थसी’ मालिकेचा तिसरा भाग १९७२ मध्ये लिहिला आणि चौथा १९९० मध्ये. अठरा वर्षांत माणसाचं मूल मतदार होतं. पुलमनने लायराची नवी मालिका २०१७ मध्ये सुरू केली, दुसरा भाग २०१९ ला दिला आणि तिसऱ्यासाठी २०२५ उजाडवलं. तोवर दुसऱ्या भागात कोण कोणावर का चिडलं होतं ते मी पार विसरून गेलेली. म्हणजे आधीचे दोन्ही पुन्हा वाचणं आलं, आणि ते जाडीला असे की झोपून वाचताना हातातून सुटले तर चष्म्याची काडी जाते.

शिवाय ही मुलं म्हातारी होत नाहीत, होतो आपण. ग्रीक देवाचा मुलगा पर्सी जॅक्सन २००५ च्या पहिल्या पुस्तकात बारा वर्षांचा होता. २०२३ च्या पुस्तकात तो कॉलेज प्रवेशासाठी देवांकडून शिफारसपत्रं मिळवत फिरतोय. अठरा वर्षांत पठ्ठ्या अजून शाळेतच! एवढ्या काळात मला दोन प्रमोशनं आणि एक स्पाँडिलायटिस झाला.

पण पर्सीच्या आईला मात्र मी मानते. ती त्या मोजक्या बायांपैकी आहे जी जिवंतही आहे आणि काही करतेही. तिचा नवरा, म्हणजे पर्सीचा सावत्र बाप, अत्यंत कळकट, जुगारी आणि मारकुटा. पर्सी बघणाऱ्याचा दगड करणाऱ्या मेड्युसाचं मुंडकं घरी ठेवून जातो, थोड्याच दिवसांत नवऱ्याचा दगड होतो. बाई काय करते? तो पुतळा कलाकृती म्हणून विकते आणि त्या पैशांत नव्या घराचं डिपॉझिट आणि स्वतःच्या कॉलेजची फी भरते. हे मी घरात सांगितलं तेव्हा नवऱ्याने पेपर खाली केला आणि विचारलं, “ही लहान मुलांची पुस्तकं?”

सासूबाई मात्र खूश झाल्या. डब्यातल्या बदनामीची थोडी भरपाई म्हणून मी त्यांना गोष्टी सांगायला लागले होते. त्या मेथी निवडत ऐकतात. सुरुवात ‘हंगर गेम्स’पासून झाली. बारा जिल्हे, दरवर्षी प्रत्येकातून चिठ्ठी काढून एक मुलगा आणि एक मुलगी उचलायची, चोवीस जणांना एकमेकांना मारायला सोडायचं, एक उरेल तो जिंकला. चिठ्ठीत नाव बारा ते अठरा वयापर्यंत. आणि गरीब घरातल्या पोरांनी नाव जास्त वेळा घालायचं कबूल केलं तर वर्षभराचं धान्य आणि तेल मिळतं.

“रेशनसाठी पोरगी चिठ्ठीत?” सासूबाईंचा हात थांबला.

“हो.”

“माणशी किती?”

एवढं मला माहीत नव्हतं. कॅटनिसचं त्यांनी लगेच कात्यायनी करून टाकलं. पीटा हा बेकरीवाला. गेल हा ‘तो दुसरा’. कात्यायनीने कोणाशी लग्न करावं याबद्दल जगभरच्या वाचकांनी वर्षानुवर्षं डोकी फोडली; सासूबाईंनी पहिल्याच बैठकीत निकाल दिला. “बेकरीवाला. घरचा धंदा आहे.” मग मेथीची काडी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, “पण तिची आई काय करत होती? पोरगी जंगलात शिकारीला जाते आणि ही बसून? मी असते तर आधी त्या चिठ्ठीवाल्याला धरला असता.”

तिसऱ्या भागात, इतकं सगळं होऊन, जिची चिठ्ठी निघाली म्हणून तिच्याऐवजी कात्यायनी स्वतः पुढे झाली ती धाकटी बहीणच मरते. मी ते सांगितलं आणि सासूबाई उठून आत गेल्या. माझ्याशी बोलणं बंद. ताटं वाढली गेली ती मुक्यानेच. शेवटी मुलीने मध्यस्थी केली. “आजी, ते पुस्तकात लिहिलंय, आईने नाही मारलं.” “तिला आधीपासून ठाऊक होतं ना?” आतून उत्तर आलं. “मग सांगायला काय झालं होतं?”

मुलगी स्वतः यातलं काही वाचत नाही, हे सांगायचं राहिलंच. ती शेअर बाजारावरची आणि सवयी सुधारण्यावरची पुस्तकं वाचते. “आई, जरा मोठ्यांचं वाच ना काहीतरी,” असं मला वर सांगते. या वयात माझ्या नायिका राजवटी पाडतात. हिला आंघोळीला गेल्यावर टॉवेल आतून ओरडून मागावा लागतो. ड्रॅगन हिला मिळाला तर त्याला खायला कोण घालणार, हे मला लख्ख दिसतं.

अबोला मिटावा म्हणून मी मुद्दाम ‘अ रिंकल इन टाइम’ काढलं. १९६२ चं, डझनावारी प्रकाशकांनी नाकारलेलं आणि मग बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालेलं पुस्तक. त्यात आई आहे, जिवंत आहे, शास्त्रज्ञ आहे आणि कामातून उठायला नको म्हणून प्रयोगशाळेतल्या बन्सन बर्नरवरच रस्सा शिजत ठेवते. ही बाई सासूबाईंना आवडणार याची मला खात्री होती. मी रंगवून सांगत होते. वडील दूरच्या ग्रहावर कैदेत, तीन मुलं अवकाशाची घडी घालून त्यांना सोडवायला निघतात, पाच वर्षांचा धाकटा तिथल्या एका दुष्ट मेंदूच्या तावडीत सापडतो, बहिणीला त्याला मागे टाकून पळावं लागतं. मी दम खायला थांबले.

“आणि तो रस्सा?” सासूबाई म्हणाल्या.

“कुठला?”

“दिव्यावर ठेवलेला. दिवा बंद केला का तिने?”

“केला असेल हो, आई.”

“असेल म्हणजे? नीट बघून सांग. मग पुढचं.”