वसंत ऋतूचा प्रोजेक्ट एका आठवड्यात उरकू नका

वसंत सुरू झाला की बालवाड्यांच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात. भिंतभर कागदी फुलं, सगळी एकसारखी, पाच पाकळ्या, मधे पिवळा गोल, खाली हिरवी काडी आणि प्रत्येक फुलाखाली एकेका मुलाचं नाव. दिसायला छान दिसतं, पालकही लगेच हार्ट टाकतात. पण लहान मुलांच्या वर्गात बरीच वर्षं काढलेली बाई म्हणून सांगते, ती फुलं मुलांची नसतात. पाकळ्या ताईंनी आदल्या रात्री जागून कापलेल्या असतात, गोल ताईंनीच काढलेले असतात, मुलाच्या वाट्याला येतो तो गोंद. सोमवारी फूल, मंगळवारी फुलपाखरू, बुधवारी पक्षी, गुरुवारी पाऊस, शुक्रवारी सगळ्यांचा मिळून डान्स, आणि पुढच्या सोमवारी वाहनांचा विषय सुरू.

मला हे मनापासून खटकतं. हस्तकलेला माझा विरोध नाही, मुलांना कात्री, रंग, गोंद सगळं भरपूर मिळायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की वसंतात वर्गात एक तरी खरीखुरी जिवंत गोष्ट हवी आणि तिच्याकडे रोज बघायला निदान दीड-दोन महिने हवेत. बाकीचं सगळं त्याच्या नंतर. कारण हा ऋतूच असा आहे की त्यात जे काही होतं ते हळूहळू होतं, आज बघितलं तर काहीच नाही, उद्या बघितलं तरी काही नाही, आणि मग एक दिवस फांदीवर टिचभर काहीतरी आलेलं असतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला हे एका आठवड्यात कसं कळणार?

सगळ्यात सोपं म्हणजे बी. काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्यायची, आतून ओला टिश्यू किंवा कापूस लावायचा आणि काच व कापूस यांच्या मधे बी अडकवायचं, म्हणजे सगळं बाहेरून दिसतं. मातीत पेरलं की मुलांना चार-पाच दिवस नुसती माती दिसते आणि मग ती उकरून बघतात (उकरू द्यावं, पण त्यासाठी वेगळा एक्स्ट्रा कप ठेवावा). मूग एक-दोन दिवसांत मोड काढतो, वाटाण्याला थोडे जास्त दिवस लागतात, दोन्ही एकदमच लावले तर 'हा लवकर, तो उशिरा' ही तुलना आपोआप होते. राजमा बऱ्याच ठिकाणी वापरतात कारण मोठा असतो, पण कच्चा राजमा पोटात गेला तर त्रास होतो आणि ही मुलं सगळं तोंडात घालणाऱ्या वयाची, तेव्हा मी तो टाळते. दुकानातलं पेरणीचं बी गुलाबी किंवा निळा रंग लावलेलं असेल तर ते अजिबात नको, त्यावर बुरशीनाशक असतं. आणि बी मोजून द्या, मोजून परत घ्या, नाकात घालायला एक सेकंद पुरतो. हे सगळं सांभाळलं की मग चिमटीत एकेक बी उचलून जागेवर ठेवणं हा बोटांसाठी जो व्यायाम होतो तो पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो, त्यासाठी वेगळी वर्कशीट लागत नाही.

मुलं वाट बघत असतात हिरव्या पानाची. बी मात्र आधी पाणी पिऊन फुगतं, साल फाटतं आणि पहिल्यांदा बाहेर येतं ते पांढरं मूळ. दर वर्षी कुणीतरी ओरडतंच, "ताई, शेपूट आली!" मी लगेच 'ते मूळ आहे' असं सांगायला जात नाही. शेपूट म्हणू दे की दोन दिवस, तिसऱ्या दिवशी शेपटीला बारीक केस दिसतात, ती खाली खाली जाते, मग मुलंच विचारतात की ही नक्की काय आहे, आणि तेव्हा सांगितलेला शब्द जन्मभर राहतो. मग बरणी आडवी करून ठेवायची. एक-दोन दिवसांत मुळाचं टोक वळून परत जमिनीकडे जायला लागतं. परत फिरवा, परत वळतं. त्याला कुणी सांगितलं खाली कुठे आहे ते? या प्रश्नावर मुलं जी उत्तरं देतात ती लिहून ठेवावीत अशी असतात, आणि मी लिहून ठेवतेही.

आता ज्या गोष्टीवर मला खरंच बोलायचं आहे ती. जवळपास प्रत्येक वर्कशीटवर छापलेलं असतं की बी उगवायला सूर्य, पाणी आणि माती लागते. तीन चित्रं, तीन गोल, रंग भरा. आणि समोर बरणीत बी मातीशिवाय उगवलेलं असतं! बी रुजायला पाणी लागतं, हवा लागते, ऊब लागते. सुरुवातीचं जेवण बीच्या पोटातच असतं, वाटाण्याच्या त्या दोन जाड डाळिंब्या म्हणजे तेच. आणि बहुतेक बियांना रुजायला ऊनही लागत नाही, ऊन लागतं ते नंतर, पानं आल्यावर, स्वतःचं अन्न स्वतः बनवायचं असतं तेव्हा. काही बारीक बियांना उजेड लागतो तो भाग वेगळा. म्हणून माझी आवडती गोष्ट म्हणजे दोन बरण्या करायच्या, एक खिडकीत आणि एक बंद कपाटात, दोन्हींना पाणी सारखं. आठ-दहा दिवसांनी कपाट उघडलं की मुलं अवाक होतात कारण कपाटातलं रोप खिडकीतल्यापेक्षा उंच झालेलं असतं. पिवळट, बारीक, वाकलेलं, पण उंच. मग खरी चर्चा सुरू होते. मोठं म्हणजे चांगलं असं मुलांना वाटत असतं, त्यांचं स्वतःचंही सगळे तसंच कौतुक करत असतात ना, 'किती मोठा झालास'. आणि इथे मोठं झालेलं रोप उभंही राहू शकत नाही. एक जण म्हणतो आजारी आहे, एक म्हणते घाबरलंय, एक म्हणतो खिडकी शोधतंय. तो तिसरा खरंच उत्तराच्या जवळ असतो, कारण अंधारातलं रोप सगळी ताकद उंच होण्यात घालतं, उजेड सापडेपर्यंत. चार वर्षांचं मूल हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून बोलतं, आणि आपण त्याच्या हातात तीन गोल देऊन सांगतो की यात रंग भर. मग कपाटातली बरणीसुद्धा खिडकीत ठेवायची आणि ती हिरवी होते का बघायचं. हे सगळं व्हायला तीन आठवडे जातात. जाऊ देत.

अजून एक. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांशी बोलून जे मांडलं त्यातली एक गोष्ट वर्गात रोज दिसते, या वयाच्या मुलांना जे हलतं ते जिवंत वाटतं. ढग जिवंत, सायकल जिवंत, झाड मात्र नाही, कारण ते एका जागी उभं असतं. पहिल्या दिवशी बी हातावर ठेवून विचारा, हे जिवंत आहे का? बहुतेक जण नाही म्हणतात. ते तसंच ठेवायचं, सुधारायला जायचं नाही. महिन्याभराने तोच प्रश्न परत विचारायचा. उत्तर बदललंच पाहिजे असंही नाही, पण ज्यांचं बदलतं त्यांना कारण सांगता येतं, 'ते पाणी पितं', 'ते वळतं', आणि हे कारण त्यांचं स्वतःचं असतं.

काही बिया उगवत नाहीत. कुजतात, वास येतो, बुरशी धरते. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी रात्रीतून गुपचूप नवीन रोप आणून ठेवलं जातं, मुलाला वाईट वाटू नये म्हणून. हेतू चांगला असतो हे मान्य आहे, पण कृपा करून असं करू नका. मुलांना कळतं, आणि नाही कळलं तरी एक चांगली संधी जाते. पाणी जास्त झालं का? हवा मिळाली नाही का? बाजूच्या बरणीत काय वेगळं होतं? बुरशीवाली बरणी झाकण लावून बघायला ठेवा, हात लावू देऊ नका, आणि त्या मुलाला दुसरं बी द्या, पण त्याच्यासमोर द्या.

फुलपाखराबद्दल थोडं. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असा चार चित्रांचा तक्ता सगळीकडे असतो आणि त्यात बऱ्याचदा कोष म्हणून कापसाचा गोळा चिकटवतात. फुलपाखराची अळी सहसा अंगाभोवती रेशमाचं वेष्टन विणत नाही, ती शेवटची कात टाकते आणि आतला कोष उघडा पडतो. वेष्टन विणतात त्या बहुतेक पतंगांच्या अळ्या. शिवाय अळी कुठलंही पान खात नाही, तिचं ठरलेलं झाड असतं, ते नसलं तर ती उपाशी मरते, म्हणून अळी आणून डब्यात कोबीचं पान टाकून ठेवणं बंद करा. झाडावरच शोधा, तिथेच रोज जाऊन बघा. आणि कोषातून बाहेर येताना फुलपाखराला 'मदत' करू नका, त्याचे पंख चुरगळलेले असतात, अंगातला द्रव पंखांच्या शिरांमधे ढकलून ते पंख ताणतं, त्यासाठी त्याला लटकायला मोकळी जागा लागते. पंख तसेच चुरगळलेले वाळले तर ते कधीच उडू शकत नाही. मुलांना हे सांगितलं की ती इतकी शांत बसतात की विश्वास बसत नाही.

पक्ष्यांच्या घरट्यासाठी लोकरीचे, दोऱ्याचे तुकडे बाहेर टांगायची ॲक्टिव्हिटीही खूप फिरते. ती नको. लांब धागा पिल्लांच्या पायात, गळ्यात अडकतो. सुकं गवत, बारीक काड्या, वाळलेली पानं ठेवा, आणि मुलांना सांगा की तुम्हीही हेच वापरून बोटांनी घरटं करून बघा. पक्षी चोचीने करतो ते आपल्याला दहा बोटांनी जमत नाही, हे कळणं फार छान असतं.

माती म्हटलं की पालक घाबरतात, मला समजतं, कपडे धुवायचे असतात, सर्दीची भीती असते. पण २०२० साली फिनलंडमधल्या पाळणाघरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली जमीन, हिरवळ आणून टाकली आणि तीन ते पाच वर्षांची मुलं २८ दिवस तिथे रोज खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तात प्रतिकारशक्तीचं नियमन सुधारत असल्याच्या खुणा दिसल्या. मुलं थोडीच होती, सगळं सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, पण मातीत हात घालण्यात काही गैर नाही एवढं तरी म्हणूया. नंतर साबणाने हात धुवायचे, झालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मधे सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. ती खुर्चीवर बसून कुठून होणार? बादल्या उचलणं, माती ओढणं, झारीने पाणी घालणं, ही सगळी हालचालच आहे.

'हे सगळं ठीक आहे पण एबीसीडी आणि नंबर कधी?' हा प्रश्न येतोच. तर ऐका. दर आठवड्याला रोपाच्या उंचीएवढी रिबन कापायची आणि तारखेप्रमाणे ओळीने चिकटवायची. दोन महिन्यांत भिंतीवर आलेख तयार, मुलांनी स्वतः कापलेला, आणि कुठली रिबन लांब, किती जास्त लांब, हे गणित नाही तर काय आहे? मुलांनी त्याच रोपाचं चित्र आठवड्यातून एकदा काढायचं, दुसरं काही नाही, तेच रोप. पहिल्या चित्रात रोपाला डोळे आणि हसू असतं, शेवटच्या शेवटच्या चित्रांमधे पानाच्या शिरा यायला लागतात, कारण तोवर त्याने ते पान खरंच बघितलेलं असतं. आणि शब्द तर किती येतात, कोंब, साल, देठ, दमट, कोमेजणं, कुजणं, तरारणं. दुपारी एकाच जागी, एकाच वेळेला उभं राहून खडूने सावली आखायची, दर आठवड्याला. ती आखडत जाते, आणि ऋतू बदलतोय म्हणजे काय हे पृथ्वीचा गोल न दाखवताही कळायला लागतं. तो गोल आणि कललेला आस या वयात दाखवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, मुलं 'हो' म्हणतात, पण त्यातलं काहीच पोचत नाही.

यात नवीन काही नाही खरं तर. फ्रोबेलने १८३७ मधे जर्मनीत लहान मुलांची शाळा सुरू केली तेव्हा त्याच्या योजनेत मुलांसाठी बाग होती, प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि शिवाय सगळ्यांचा मिळून एक. हे दोन्ही असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वतःच्या बरणीवर मुलं जीव टाकतात, पण सामाईक कुंडीला पाणी घालताना भांडणं होतात, पाळी लावावी लागते, सोमवारी येऊन बघावं लागतं की सुट्टीत काय झालं. तिथे ती एकमेकांसोबत काम करायला शिकतात. माँटेसोरीबाईंनीही झाडं आणि प्राणी सांभाळण्यातून मुलांना वाट बघणं कळतं असं लिहून ठेवलंय.

शाळा चालवणाऱ्यांना एक विनंती. ताईंकडून रोज फोटो मागू नका. आज काहीच उगवलं नाही, त्याचा फोटो काय काढणार, आणि फोटो हवाच असला की मग ताई बिचाऱ्या रात्री जागून पाकळ्या कापतात. पालकांनाही, घरी आलेल्या मुलाला 'आज काय शिकलास' असं विचारू नका, 'तुझ्या बरणीत आज काय दिसलं' असं विचारा आणि 'काहीच नाही' हे उत्तर चालवून घ्या.

अंगण नाही, नुसती एक खिडकी आहे, असे वर्ग पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी कुणी तशा वर्गात एखादं झाड बी पासून फुलापर्यंत नेलं असेल तर कुठलं नेलं आणि ऊन किती मिळत होतं ते कमेंटमधे लिहा. वाटाण्याला फुलं येईपर्यंत चांगला उजेड लागतो आणि आमच्या उत्तरेकडच्या खिडकीत तो पुरत नाही, त्यामुळे यंदा तिथे काय लावावं हे अजून ठरत नाहीये.